‘लाइव्ह’च्या हिरव्या ठिपक्यास अनावृत पत्र

प्रति,
राजमान्य राजश्री हिरवा ठिपका,
मु. पो. पडद्याचा वरचा उजवा कोपरा, ‘लाइव्ह’ या शब्दाशेजारी.

विषय: आपल्या अखंड लुकलुकण्याबद्दल अभिनंदन, तसेच काही किरकोळ शंका.

सा. न. वि. वि.

पुण्यात कुणाचे तोंडावर कौतुक करण्याची पद्धत नाही. पण आपली कार्यनिष्ठा पाहून पद्धत मोडावीशी वाटली. सर्व्हर कोलमडतो, डेटाबेस मान टाकतो, वळवाच्या पहिल्या सरीला वीज जाते; आपण मात्र सेकंदाला एकदा लुकलुकायचे काही सोडत नाही. परवा फोन विमान मोडवर टाकून पाहिला. जगाशी सगळे संबंध तुटले होते, तरी आपण ‘लाइव्ह’ होतात. असा निर्विकारपणा हिमालयात जाऊनही साधत नाही म्हणतात.

अर्थात आपले गुपित आम्हाला ठाऊक आहे. या शहरातली बरीच माणसे सॉफ्टवेअरवरच पोट भरतात, त्यामुळे आपली कुंडली काढायला वेळ लागला नाही. आपण सर्व्हरचे कुणीही लागत नाही. स्टाइलशीटमधल्या चार ओळी, एवढेच आपले कूळ: रंग हिरवा, आकार गोल, हळूहळू फिके व्हा, पुन्हा गडद व्हा, आणि हे अनंतकाळ करत राहा. माहिती आली की नाही, हे विचारायला पाचवी ओळ लागली असती. ती लिहायची राहून गेली आणि आपण चिरंजीव झालात.

आपण कोणत्या ॲपात नोकरीला आहात ते इथे लिहीत नाही, कारण ज्याचे नाव घेऊ त्याचा उगाच अपमान होईल आणि बाकीचे सुटतील. आपण सगळीकडेच आहात. गाडी ‘२ मिनिटांत’ येते आहे असे वीस मिनिटे सांगणाऱ्या फलकावर आहात. आतला पेशंट बाहेर येऊन औषधे घेऊन घरी पोचला तरी त्याचाच नंबर दाखवणाऱ्या दवाखान्याच्या पडद्यावर आहात. म्हात्रे पुलाला फाटा देऊन डिलिव्हरीवाल्याची स्कूटर थेट मुठेच्या पात्रातून सरळ रेषेत पलीकडे नेणाऱ्या नकाशावरही आपणच आहात. दोन जुने बिंदू जोडून मधला प्रवास कल्पनेने भरायचा आणि वर हिरवा ठिपका लावायचा; ऐतिहासिक कादंबरीकारसुद्धा प्रस्तावनेत एवढी कबुली देतो हो.

आता आपल्या कार्यपद्धतीविषयी. एके काळी ब्राउझर दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचा, ‘नवीन काही?’ सर्व्हर म्हणायचा, ‘नाही.’ पुढे वेबसॉकेट आले. त्याचे प्रमाणपत्र, म्हणजे आरएफसी ६४५५, डिसेंबर २०११ मध्ये निघाले. एकदा जोडणी केली की दोन्ही बाजूंनी हवे तेव्हा बोलता येते. सर्व्हरनेच फक्त बोलायचे असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स ही त्याहून साधी सोय आहे. सोय उत्तम. अडचण एवढीच की जोडणी तुटली हे दोन्ही टोकांना कळेलच असे नाही. मध्ये प्रॉक्सी बसलेला असतो. एनजिनएक्स घ्या: पलीकडून ६० सेकंद काही आले नाही की तो आपल्या मूळ सेटिंगप्रमाणे जोडणी बंद करतो. वाकडहून हिंजवडीला निघालेला फोन घरचे वाय-फाय सोडून मोबाइल नेटवर्कवर जातो. जुनी जोडणी मरते, पण तिच्या मृत्यूची बातमी कुणी कुणाला कळवत नाही. फोन समजतो, सर्व्हर गप्प आहे. सर्व्हर समजतो, फोन ऐकतो आहे. आणि या दोन बहिऱ्यांच्या मध्ये आपण हिरवेगार!

यावर उपाय नाही असेही नाही. सर्व्हरने दर वीस-पंचवीस सेकंदांनी ‘मी आहे’ एवढेच म्हणावे. दोन-तीन हाका चुकल्या की ॲपने जोडणी मेली असे धरून नवी करावी. नवी करताना ‘मला शेवटचा निरोप अमुक क्रमांकाचा मिळाला’ असे सांगावे, म्हणजे मधले निरोप हरवत नाहीत. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये तर हा क्रमांक ब्राउझर स्वतःहून पाठवतो. हजार फोनांनी एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावू नये म्हणून प्रत्येकाने थोडे वेगवेगळे थांबावे. पण एवढ्या उचापती करण्यापेक्षा ठिपका रंगवणे स्वस्त पडते, हे आम्ही समजू शकतो.

आपल्या साथीदाराचा उल्लेख टाळला तर त्याच्यावर अन्याय होईल. तो रात्रपाळीचा. ठरल्या वेळी उठून वेळापत्रक आणायचे, हिशेब जुळवायचे, उद्याचे स्मरण-संदेश पाठवायचे, बॅकअप घ्यायचा, हे त्याचे काम. त्याच्या घराण्याचे मूळपुरुष क्रॉन. युनिक्सवर १९७० च्या दशकापासून कामावर आहेत. आज्ञा पाच खान्यांत लिहायची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सरळ वाटते ना? पण ‘१ तारीख’ आणि ‘सोमवार’ असे दोन्ही भरले, तर १ तारखेला सोमवार असेल तेव्हाच तो उठेल असे समजू नये. तो दर १ तारखेला उठतो आणि शिवाय दर सोमवारीही. ठरल्या मिनिटाला मशीन बंद असले तर काम बुडाले. नंतर भरून काढण्याची त्याला सवय नाही.

अलीकडे तर त्याला वेबसर्व्हरच्याच पोटात बसवायची फॅशन आहे. ‘दर पाच मिनिटांनी हे कर’ अशी एक ओळ ॲपमध्ये टाकली की झाले. मग दुपारी कुणी नवी आवृत्ती डिप्लॉय करतो, सर्व्हर रिस्टार्ट होतो आणि अर्ध्यावर आलेले काम शब्दही न बोलता स्वर्गवासी होते. गर्दी वाढली म्हणून ॲपच्या चार प्रती चालवल्या तर चौघेही तेच काम करतात, आणि दातांच्या डॉक्टरकडे उद्या जायचे आहे याची आठवण माणसाला चार वेळा होते. फुकट होस्टिंगवर आणखी बहार: कुणी भेटच दिली नाही की सर्व्हर वामकुक्षी घेतो आणि त्याच्या पोटातले घड्याळही त्याच्याबरोबर झोपते.

घड्याळावरून आठवले. सर्व्हर बहुधा यूटीसी पाळतो आणि आम्ही त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे ‘मध्यरात्री’ लावलेला जॉब पुण्यात पहाटे साडेपाचला उठतो, पर्वतीवर फिरायला जाणाऱ्यांबरोबर. ‘आजचा’ म्हणून जो अहवाल निघतो त्यातला आज साडेपाचला सुरू होऊन उद्या साडेपाचला संपतो. अमेरिकेच्या वेळेनुसार लावलेल्या जॉबांची तर वेगळीच तऱ्हा. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तिथे रात्री दोननंतर थेट तीन वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. कॉलची वेळ तासाने सरकते म्हणून हिंजवडीतल्या माणसांना हे पाठ असते. पण सव्वादोनला लावलेला बिचारा जॉब मार्चमध्ये उठतो तेव्हा त्याची वेळ अस्तित्वातच नसते. काही शेड्युलर ही अडचण सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. आपल्याकडचा कोणत्या जातीचा हे बहुतेकांना मार्चमध्येच कळते.

तरीही वेळ चुकणे हा आपल्या साथीदाराचा मोठा गुन्हा नव्हे. मोठा गुन्हा म्हणजे न बोलता मरणे. कोड साठवायला जागा देणाऱ्या गिटलॅब कंपनीची गोष्ट ऐकली असेल. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. हरकत नाही, बॅकअप आहेत की! पाहिले तर बॅकअपची जागा रिकामी. रोजचा जॉब ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२ चे साधन चालवत होता आणि रोज इमानाने फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेलही तो पाठवायचा. पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने समोरचा मेलसर्व्हर ते नाकारायचा. म्हणजे काम मेले, मेल्याचे पत्रही मेले, आणि रोज सकाळी सगळे ठीक. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्या कंपनीचे एक मात्र मानले पाहिजे: डागडुजी चालू असताना तिने ती सगळ्या जगाला यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्या हयातीत ‘लाइव्ह’ हा शब्द खरा ठरल्याचा हा एक दुर्मीळ प्रसंग, आणि त्यात आपला हात नव्हता.

मोठ्या घरचे उदाहरण हवे असेल तर जून २०१२ मधली ब्रिटनची आरबीएस बँक घ्या. रात्रीची कामे ओळीने लावणारे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, बिघडले, मागे घेतले, तर आणखी बिघडले. सुमारे ६५ लाख ग्राहकांचे व्यवहार अडकले. तिच्याच समूहातल्या अल्स्टर बँकेच्या ग्राहकांना तर काही आठवडे त्रास झाला. २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५.६ कोटी पाउंड दंड केला. इतका महाग अलार्म आमच्या माहितीत दुसरा नाही.

एका ठिकाणी मात्र थट्टा बाजूला ठेवावी लागते. २४ आणि २५ जुलै २०२४ च्या मधल्या रात्री खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी वाढत गेले आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये शिरले. पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, असे तिथल्या रहिवाशांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितले. दोष कुणाचा हे ठरवणे या पत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेल्या गावाला एक गोष्ट पक्की कळायला हवी: विसर्गाचा नुसता क्युसेकमधला आकडा ही अर्धी माहिती असते. तो आकडा कधीपासूनचा, हे उरलेले अर्धे. धरणातून निघालेले पाणी वस्तीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ माणसाला गाडी वर काढायला आणि म्हाताऱ्यांना जिन्यावर न्यायला मिळतो. तो जुन्या आकड्याकडे बघण्यात गेला तर पडद्यावर हिरवा रंग असून काय उपयोग?

पेशवाईत या शहरात रात्रीची तोफ होत असे. ती झाली की रस्त्यावर हिंडायची बंदी, सापडेल त्याला कोतवालाचा पाहुणचार. ठरल्या वेळेचे काम आणि सगळ्यांना थेट निरोप, दोन्ही एकाच बारात. त्या व्यवस्थेचा मोठेपणा असा की तोफ झाली नाही तर तेही गावाला कळायचे. आपल्या राज्यात उलटे आहे. इथे काम झाले तरी शांतता, न झाले तरी तीच शांतता, आणि तिच्यावर आपण लुकलुकता. आमची तक्रार एवढीच आहे. बाकी सगळे तपशील.

आपण म्हणाल, मी हुकमाचा ताबेदार. खरे आहे. बाणेरच्या एखाद्या काचेच्या खोलीत डेमो चालू असताना कुणीतरी म्हणाले असेल, ‘जरा लाइव्ह वाटलं पाहिजे.’ ‘लाइव्ह असलं पाहिजे’ असे कुणी म्हणाले नाही. वाटण्याचे काम दुपारपर्यंत झाले. असण्याच्या कामाला ‘फेज टू’ मिळाली, आणि फेज टू या गावात कधी येते हे आम्ही आपल्याला काय सांगावे!

तरीही आपल्याला एकदम काढावे असे आम्ही म्हणत नाही. काही अटींवर ठेवावे.

आपल्याशेजारी वेळ लिहावी: ‘माहिती ८ वाजून ४२ मिनिटांची’. ही वेळ माहिती जिथे जन्मली तिथली हवी. पान उघडल्याची वेळ टाकून ‘आत्ताच अद्ययावत’ म्हणण्याची चलाखी आम्हाला माहीत आहे. सार्वजनिक वाहतुकीसाठी जगभर चालणाऱ्या जीटीएफएस रिअलटाइम या मानकात गाडीच्या ठिकाणासोबत वेळ पाठवायची सोय आहे, आणि ते ठिकाण ९० सेकंदांपेक्षा जुने नसावे अशी शिफारसही. वेळ पाठवता येते. पडद्यावर छापायचीच काय ती लाज.

मर्यादा ओलांडली की आपण करडे व्हावे, आणखी वेळ गेला की ‘सध्या माहिती नाही’ असे सांगून रजेवर जावे. पुणेकराला ‘नाही’ हे उत्तर ऐकायची सवय आहे. तो रिक्षा करेल, पण वीस मिनिटे फसणार नाही.

आपल्या साथीदाराला वेबसर्व्हरच्या पोटातून बाहेर काढून स्वतंत्र नोकरी द्यावी. कोणते काम कधी करायचे हे डेटाबेसात लिहिलेले असावे, म्हणजे रिस्टार्टने ते विसरले जाणार नाही. आणि चौघांपैकी एकानेच ते उचलावे म्हणून कुलूप असावे. काम संपले की त्याने हजेरीवर सही करावी. ही हजेरी तपासणारा वेगळ्या सर्व्हरवर राहणारा हवा, आणि सही आली नाही की त्याने आरडाओरडा करावा. फेल झाल्याचा निरोप पाठवायचे काम फेल झालेल्यावरच सोपवण्याचा शहाणपणा पुरे झाला. शेवटचे म्हणजे, तेच काम चुकून दोनदा झाले तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी त्याची रचना असावी. नेटवर्कवर ‘नक्की एकदाच’ असे वचन देणारा माणूस एकतर विक्री विभागातला असतो नाहीतर नवशिका.

उत्तराची घाई नाही. फक्त उत्तरावर ते लिहिल्याची वेळ घालावी.

कळावे. लोभ होता, त्याची मुदत संपली आहे.

आपला,
एक पुणेकर प्रोग्रामर

ता. क.: हे पत्र आपल्याला दोनदा मिळाले तर गोंधळू नये. पोच आली नाही म्हणून आम्हीच पुन्हा पाठवलेले असेल. दोन्हींवर पत्र क्रमांक एकच आहे. तो पाहून दुसरे फेकून द्यावे, आणि अपमान एकदाच वाटून घ्यावा.