मागच्या चाकात काहीतरी आहे

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याला लागलं की टायरवाल्यांच्या पाट्या सुरू होतात. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन हवा. आमची घरची गाडी तिथे थांबते ती स्टिअरिंग सोडल्यावर आपणहून दुभाजकाकडे निघाली तरच. तोवर तिचाही आग्रह नसतो आणि माझाही नसतो. तिची चाकं आत झुकलीत की बाहेर, हे मी कधी वाकून पाहिलेलं नाही. पण तिच्या एक दशांश आकाराची दुसरी एक गाडी घरात आहे, आणि तिचं मागचं उजवं चाक दोन अंशांऐवजी दीडच अंश झुकलंय, एवढ्या कारणावरून मी मध्यरात्री जेवणाच्या टेबलावर नाक टेकून बसलेला असतो.

ही रिमोटवर चालणारी टूरिंग कार. जत्रेत मिळते ती नव्हे. तिला पुढे, मागे आणि भिंत एवढंच कळतं. हिची रुंदी १९० मिलिमीटर. मोटार, बॅटरी, बॉडी धरून वजन तेराशे-साडेतेराशे ग्रॅम. चारही चाकांना ताकद, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, चार शॉकअप, त्या शॉकअपमध्ये खरोखरीचं तेल, डिफरन्शियल, त्यातही तेल. वर रंगवलेली पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी, जिचा उपयोग वारा कापण्यासाठी आणि पहिल्या दिवशी फोटो काढण्यासाठी होतो. दुसऱ्या दिवसापासून तिला आतून चिकटपट्टी लागते.

सरकारदरबारी ही वस्तू खेळण्यात जमा होते. खेळण्यांच्या गुणवत्तेचा जो आदेश जानेवारी २०२१ पासून लागू झाला, त्यात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली वस्तू. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. पन्नाशीच्या गृहस्थाने चौदा वर्षांखालचा हट्ट धरला तर त्याच्याकडून थोडं जास्त घ्यावं, असा यामागे विचार असेल तर मला तो अन्यायाचा वाटत नाही. घरी मात्र मी शुल्काचा आकडा सांगतो, मूळ किमतीचा सांगत नाही. लोकांचा राग आपोआप सरकारवर जातो.

हे वेड जगभर पसरवण्यात जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीचा वाटा मोठा. प्लॅस्टिकची मॉडेलं करणाऱ्या या कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची एक बारांश आकाराची रिमोटवरची गाडी काढली. शुनसाकू तामिया हे कंपनीचे कर्तेधर्ते. बारकावे चुकू नयेत म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि पार सुटी करून टाकली. मग ती परत जोडता येईना, तेव्हा पोर्शच्या माणसांना बोलवावं लागलं. हे गृहस्थ जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. त्यांचा हा किस्सा मी टेबलाभोवती जमलेल्या घरच्या मंडळींना मुद्दाम ऐकवतो. एवढा मोठा माणूस सगळे स्क्रू पसरून हताश बसला होता, तर आमच्या टेबलावर चार दिवस जेवायला जागा नाही यात काय विशेष! या युक्तिवादाला अजून कोणी दाद दिलेली नाही.

टेबल लागतं ते सपाटीसाठी, आणि खरं तर टेबलही पुरत नाही, काच लागते. दिवाणखान्यातल्या टीपॉयची काच त्यासाठी कायमची आत आली आहे. काचेवर गाडी ठेवायची, पुढच्या टोकाला बरोबर मध्यावर स्क्रूड्रायव्हरची चोच लावायची आणि अलगद उचलायची. दोन्ही चाकं एकाच क्षणी काच सोडतात का ते पाहायचं. एक आधी उठलं तर चासीत पीळ आहे. मग वरच्या प्लेटचे स्क्रू सैल करा, गाडी काचेवर दाबून बसवा, पुन्हा आवळा, पुन्हा उचला. तळ आणि जमीन यांच्यात साधारण पाच मिलिमीटर अंतर. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर म्हणे गाडीचा स्वभाव बदलतो. मागची दोन्ही चाकं, माणसाने पायांचे अंगठे जवळ घेऊन उभं राहावं तशी, तीन अंश आत वळवलेली. पुढची किंचित बाहेर. चाकांची वरची कड दीड-दोन अंश आत झुकलेली, म्हणजे वळणावर गाडी कलली की टायर पूर्ण टेकतो. गाडी उचलल्यावर चाकं किती खाली लोंबतात, तेही मोजायचं. मोटारीचं लहान चाक आणि समोरचं मोठं दातेरी चाक यांच्यात कागदाची पातळ पट्टी घालून दोन्ही एकमेकांवर दाबायची आणि स्क्रू आवळून पट्टी फिरवून काढायची. कागदाला नागमोडी घडी पडावी, पण तो फाटू नये. फाटला तर दात फार घट्ट बसलेत.

सगळ्यात सुंदर काम शॉकअपचं. अंगठ्याएवढ्या नळीत सिलिकॉनचं तेल भरायचं आणि दांडा हळूहळू वरखाली करायचा. तळातून एकेक बुडबुडा वर येतो. घाई केली तर नवे बुडबुडे तयार होतात. म्हणून भरलेल्या नळ्या ओळीने उभ्या ठेवून नुसतं बघत बसायचं. यात माझा अख्खा सत्संग होतो. तेलाच्या बाटल्यांवर घट्टपणाचे आकडे असतात: ३५०, ४००, ४५०. डिफरन्शियलचं पाच हजार, सात हजार, काकवीच्या जातीचं. एकदा आईने ती रांग पाहून विचारलं, "हे गुडघ्याला चालतं का रे?" मी नाही म्हटलं. "मग एवढं कशाला?" या प्रश्नाला तंत्रशुद्ध उत्तर आहे, पण ते तिच्या वयाला शोभेल असं नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर गाडी हवी तशी वळावी म्हणून. या खेळातल्या तक्रारी मुळात दोनच. नाक आत घेत नाही, किंवा मागून सुटते. पहिल्या तक्रारीवर इलाज म्हणून पुढचं सस्पेन्शन मऊ करता येतं, मागचं कडक करता येतं, पुढचे टायर बदलता येतात, आणखी किती तरी करता येतं. अडचण अशी की यातलं काहीही केलं की दुसरी तक्रार सुरू होते. म्हणून जाणते लोक सांगतात, एका वेळी एकच गोष्ट बदला, पळवून बघा, लिहून ठेवा. हा नियम मला तोंडपाठ आहे. पण कॅम्बर, म्हणजे चाकांचा कल, बदलायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच आहे तर शेजारचा स्क्रू नाराज का ठेवा, असं होतं.

जगज्जेत्यांच्या गाड्यांची मापंही मिळतात, कागदावर, दशांशासकट. मासामी हिरोसाका नावाच्या जपानी चालकाने या खेळाची चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. असल्या माणसांचे आकडे उतरवून घ्यायचे आणि आपल्या गाडीला लावायचे, हा सर्वत्र चालणारा उद्योग आहे. त्याने गाडी जगज्जेत्याची होते, हात पनवेलचेच राहतात.

हात माझ्या भाच्याचे. तो बारावीला आहे आणि गाडी तोच चालवतो, कारण त्याची बोटं लहानपणापासून स्क्रीनवर तयार झालेली आहेत. रिमोट पिस्तुलासारखा, तर्जनीला वेग, दुसऱ्या हाताने फिरवायला स्पंजचं एक चाक. यातली खरी ग्यानबाची मेख अशी की गाडी तुमच्यापासून दूर जात असते तेव्हा डावं ते डावं असतं. ती वळून तुमच्या दिशेने यायला लागली की तिचं डावं तुमच्या उजवीकडे जातं. सगळे नवे खेळाडू इथेच कडेच्या दगडावर जातात. तेलाचा कुठलाही आकडा यावर चालत नाही. पण गाडी दगडावर आदळल्यावर माणूस काय म्हणतो? गाडी उचलतो, उलटी करतो, एक चाक बोटाने फिरवतो आणि गंभीरपणे म्हणतो, "मागच्या चाकात काहीतरी आहे." हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडी ऐकलंय, की सेटअप नावाचं सगळं शास्त्र या वाक्याला आधार मिळावा म्हणून उभं केलं असावं, असा मला दाट संशय आहे. एवढे स्क्रू दिलेच नसते तर दोष थेट माणसावर आला असता, आणि दर रविवारी तो सोसणं कुणाला जमणार? भाच्याची पिढी यात कच्ची आहे. तो सरळ म्हणतो, "मामा, माझं चुकलं, द्या परत." मी तोवर पाना काढलेला असतो.

आमचा ट्रॅक म्हणजे नवीन पनवेलच्या पलीकडचा एक रुंद, मोकळा रस्ता. सिडकोच्या कृपेने या भागात रस्ते आधी येतात आणि माणसं सवडीने. रविवारी पहाटे पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या चपला मांडून वळणं आखायची, आणि फिरायला येणाऱ्यांची वर्दळ वाढण्याआधी आवरायचं. प्रेक्षकांत कुत्री जास्त. त्यांना चौदाशे ग्रॅमच्या आतली, गुणगुणत पळणारी वस्तू शिकार वाटते. एका तांबड्या कुत्र्याने तर वळणाच्या आतल्या बाजूने गाठायचं तंत्र असं बसवलंय, की आमच्यात सर्वांत शुद्ध रेषा त्याचीच. डांबरावर बारीक खडी असतेच. ट्रकची ये-जा आहे, विमानतळाची बांधकामं आहेत. परदेशात हे लोक गालिच्यावर किंवा गुळगुळीत डांबरावर पळवतात, आणि काही डांबरी ट्रॅकवर पकड वाढावी म्हणून चक्क साखरेचं पाणी फवारतात. आपल्याकडे तसं केलं तर शर्यत मुंग्या जिंकतील.

मे महिन्यात डांबर तापतं आणि शॉकअपमधलं तेल पातळ होतं, म्हणजे हिवाळ्यात नीट बसवलेली गाडी उन्हाळ्यात मऊ लागते. जूनमध्ये पाऊस लागला की सर्किटं आणि बेअरिंगं यांच्या जिवासाठी सगळं बंद. बॅटऱ्यासुद्धा अर्ध्या भरून, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, जपायच्या डब्यात घालायच्या. पूर्ण भरून ठेवल्या तर त्या खराब होतात, कधी फुगतात. तेव्हापासून गणपती होऊन जाईपर्यंत निव्वळ सेटअप. गाडी पळतच नसल्यामुळे या काळातले माझे सगळे बदल यशस्वी ठरतात. चातुर्मास मला मानवतो.

खऱ्या शर्यतीतली एक रीत मला फार आवडते. पाच मिनिटांची फेरी संपली की चालकाने उंच मचाणावरून उतरायचं आणि पुढच्या फेरीसाठी ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं. कुणाची गाडी उलटली की धावत जाऊन सरळ करायची. ज्याच्याशी दुपारी चुरस, त्याचीच गाडी सकाळी चार वेळा सुलटी करून द्यायची, तीही घाईने. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आणि मुद्दाम हळू धावलं तर?" बारावीचं वर्ष असतं ते.

पनवेल-उरणच्या गावांना शर्यत काही नवी नाही. इथे बैलगाडीचं वेड पिढ्यान्‌पिढ्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परत परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं लोक बैलांना नुसतेच खुराक घालत होते. त्यांचा माझ्यासारखाच, पण फार लांबलेला चातुर्मास.

तर त्या गावांतलेच एक आजोबा एका रविवारी आमच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. टोपी, हातात काठी, मागे नातू. बराच वेळ बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "दादूस, कवऱ्याला परली गारी?" मी शुल्काचा आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी गाडी हातात मागितली, उलटी केली, आणि एकेक चाक धरून आडवं हलवलं. घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखा मी श्वास धरून. तीन चाकं सोडून चौथ्यापाशी थांबले. "हा आस ढिला हाय."

मागचं उजवं. बेअरिंग गेलेलं होतं. काच, कोनमापक, दशांश, सगळं झालं होतं. चाक धरून हलवून बघायचं तेवढं मापांच्या कागदात छापलेलं नव्हतं. वंगण कुठलं घालतोस, हेही त्यांनी विचारलं आणि माझं उत्तर ऐकून नातवाकडे बघितलं.

भाच्याने सुटं बेअरिंग घालून त्यांच्या हातात रिमोट दिला. "आजोबा, समोरून येताना उलटं होतं हां, डावीकडे म्हणजे उजवीकडे..." एवढं ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत. गाडी दूर गेली, वळली, आमच्याकडे यायला लागली, आणि आजोबांनी तिच्याकडे सरळ पाठ केली. रिमोट पोटाशी, मान खांद्यावरून मागे. म्हणजे गाडीचं तोंड जिकडे, यांचंही तिकडेच, आणि डावं परत डावं झालं. गाडीवान बैलांकडे तोंड करून कधी बसला आहे? एक चप्पल, दोन बाटल्या, परत चप्पल. कुठेही न लागता त्यांनी फेरी पुरी केली. तांबड्या कुत्र्याने आतून गाठायचा प्रयत्न केला, तर ते त्याच्यावर असं काही ओरडले की ते जाऊन खांबामागे बसलं.

"मना सांग," रिमोट परत देताना ते म्हणाले, "जोराची शर्यत लागली त पैज कवरी असते?"

बक्षीस म्हणून चषक मिळतो, असं भाच्याने सांगितलं. आजोबांनी काठी उचलली. नातू मात्र हलेना, त्याला गाडी हवी होती. त्याचं वय आठ-नऊ असेल, म्हणजे सरकारी व्याख्येत बसणारा तिथे तो एकटाच होता.