एकरात ३६ प्लॉट

हुमनाबाद तालुक्यात, आमच्या दुबलगुंडीच्या शिवारात, कुणाला जमीन घ्यायची झाली की तो आधी मामांना गाठतो. मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. बगलेत पहाण्यांची, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यांची, पिशवी आणि कानाला फोन. फोन दर वेळी चालू असतोच असं नाही.

पुण्या-हैदराबादेत नोकरी लागून चार पैसे गाठीला असलेला पोरगा सणाला गावी आला, की मामा त्याला मोटरसायकलवर मागं बसवतात. पण शेत दाखवण्याआधी पहाणी वाचायला शिकवतात. "नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतंय, ते समदेच बघतेत. तू अकरा बघ. बँकेचा बोजा, कोर्टाचं लचांड, तिथं निघतंय." एवढा धडा खरा आणि फुकट. पुढं मात्र मामांची प्रतिभा सुरू होते आणि दोन्ही बाजूंचं दोन-दोन टक्के कमिशनही.

२९ ऑक्टोबर २०१७ ला बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून तालुक्यातला प्रत्येक माळ 'स्टेशनपासून धा मिनिटं' आहे. कशानं दहा मिनिटं, हे विचारायचं नसतं. पुणे-हैदराबाद हायवेही मामा बोलता बोलता हव्या त्या बांधाला आणून भिडवतात. २०२० साली कर्नाटकानं कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता यायला लागली. मामांनी त्या आनंदात पेढे वाटले. महाराष्ट्रात अजून ती मोकळीक नाही, त्यामुळं सोलापूरकडचा पाहुणा आला की मामा त्याला जावयासारखा जपतात.

हिशेबही तोंडपाठ. "एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० फूट. तीस-चाळीसचा प्लॉट १२०० फुटांचा. भाग घाल. छत्तीस प्लॉट!"

"आणि मामा, रस्ते?"

"रस्ते सरकार करतंय की."

"एनए झालंय का?"

"अर्ज दिलाय."

कुणी दिला, कुठं दिला, हे पोराला इसार देऊन झाल्यावर सुचतं.

मामांचं खरं कसब बघायचं तर तेराव्याच्या जेवणाला जावं. पंचक्रोशीत कुणी म्हातारा गेला की मामा हजर. शेवटच्या पंगतीत भिंतीकडेला बसतात, हुग्गीवर तूप मागून घेतात आणि बघत राहतात. थोरला वाढतोय आणि धाकटा मंडपाबाहेर उभा आहे, ही एक खूण. दोघी सुना एकाच चुलीपाशी, पण तोंडं दोन दिशांना, ही दुसरी. मुंबईचा मधला त्याच संध्याकाळचं परतीचं रिझर्वेशन काढून आलाय असं कानावर पडलं, की मामा पुन्हा हुग्गी मागतात. शहरातल्या भावाला वाटणी रोखीत हवी असते, गावातल्याकडं रोख नसते. या दोघांच्या मधे जेवढी जागा उरते तेवढीत मामांचं सगळं दुकान मावतं. २००५ नंतर लेकींचाही बरोबरीचा हिस्सा झाला, म्हणून हल्ली ते भाऊ मोजून थांबत नाहीत. बहिणी कुठं दिल्या, हेही आचाऱ्याकडून काढून घेतात. एका सहीपायी ते साडी घेऊन जहीराबादेला जाऊन आलेत, दुसरीपायी आळंदला. सौदा जमवायला एवढी पायपीट करणारा माणूस लबाड म्हणावा की कष्टाळू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्वतःची जमीन मात्र मामांच्या नावावर गुंठाभरही नाही. वडिलोपार्जित सव्वादोन एकर आहे, ती आजोबांच्याच नावावर. फौती केलेली नाही, कारण चुलत्यांशी बोलणं नाही. लोकांचे अकरा नंबरचे रकाने पाठ असणाऱ्या माणसानं घरची पहाणी पिशवीत कधी ठेवलीच नाही.

गेल्या साली मामांचे वडील गेले. तेराव्याला शेवटच्या पंगतीत एक अनोळखी गृहस्थ भिंतीकडेला बसले होते. त्यांनी आधी मामांकडं पाहिलं, मग मंडपाबाहेर उभ्या असलेल्या धाकट्याकडं, आणि वाढप्याला हाक मारून तूप मागितलं. मामा स्वतः तुपाचं भांडं घेऊन गेले. सढळ हातानं धार सोडली. मग खाली वाकून हळूच विचारलं, "एका बाजूनं घेता, का दोन्ही बाजूंनी?"