घोड्यातला माणूस

पहिला घोडा घ्यायला निघालेला माणूस सारंगखेड्याला एकटा कधीच जात नाही. खिशात पैसे असतात, सोबत दोन मित्र असतात, येताना घोडा आणायला ठरवलेला पिकअप असतो आणि त्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मामा असतात. हे मामा कुणाचेच सख्खे मामा नसतात. ते घोड्यातले असतात. पंचक्रोशीत कुणाच्याही मनात घोड्याचा विचार आला, की तो बायकोच्या आधी मामांना कळतो.

मामांकडे स्वतःचा घोडा नाही. आजोबांच्या दारात एक घोडी होती, तिच्या जिवावर तिसरी पिढी जाणकार म्हणवून घेते आहे. कुणी आगाऊपणे विचारलंच, तर मामा म्हणतात, "वकिली करायला काय स्वतःचा खटला लागतो का, भाऊ?" यावर उत्तर नसतं. शिवाय विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला घोडा हवा असतो.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. मामा बाजारात शिरतात तेव्हा त्यांची चाल बदलते. हात मागे, नजर अर्धी मिटलेली. आवडलेल्या घोड्याकडे ते मुळीच बघत नाहीत, कारण बघितलं की भाव वाढतो. गिऱ्हाईक मात्र त्याच घोड्यासमोर तोंड उघडं टाकून उभं असतं, त्यामुळे व्हायचं ते होतंच.

मग परीक्षा सुरू होते. पहिला मान भोवऱ्यांचा. अंगावर केस फिरून जिथे चक्र होतं तो भोवरा. गळ्याखाली असला तर देवमण, म्हणजे घराची भरभराट. डोळ्याखाली, आसवांच्या वाटेवर असला तर मालकाच्या डोळ्यांत पाणी. मामा घोड्याभोवती प्रदक्षिणा घालत एकेक भोवरा वाचतात. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं, तर "पंचकल्याणी!" एवढंच म्हणून डोळे मिटतात. गर्दी जमते. कुणीतरी अश्वशास्त्रकार शालिहोत्राचं नाव घेतं. मामा मान डोलावतात, जणू शालिहोत्र त्यांच्या आत्याचे यजमान होते.

मग दात. इथे मामांना खरंच कळतं, हे कबूल केलं पाहिजे. घोड्याच्या पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला पालटते, तिच्या बाजूची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. 5 वर्षांचा घोडा भरल्या तोंडाचा. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळ खाच दिसू लागली, की वय 10च्या आसपास. ती निम्म्या दातापर्यंत उतरली तर 15, टोकापर्यंत पोहोचली तर 20. दात कोरून म्हाताऱ्याला जवान करणारेही या धंद्यात पूर्वापार आहेत, त्यामुळे मामा बोट घालून बघतात. एवढं करून घोडेवाला "सहा वर्षांचा" म्हणाला आणि मामांना बारा वाटला, तर ते नऊवर तडजोड करतात. वय म्हणजे मामांच्या लेखी सौद्याचाच भाग.

सगळ्यात शेवटी ते खाली वाकून पायावरून हात फिरवतात. गुडघ्याखालची शीर चाचपतात, सूज बघतात, खूर तळहाताने दाबून तो गरम लागतो का ते पाहतात. हे काम त्यांना उत्तम येतं. आजोबांची घोडी लंगडायची, तिच्यामुळे. घोडा म्हणजे चार पाय, बाकी सगळं त्यांच्यावर ठेवलेलं ओझं, हे मामांना पक्कं ठाऊक आहे. पण वाकलेल्या माणसाकडे गर्दी बघत नाही. दाद भोवऱ्याला मिळते. म्हणून भोवऱ्यांना पाव तास आणि पायांना अर्धं मिनिट, असा हिशेब बसून गेला आहे.

राहिलेल्या गोष्टी मामा करतच नाहीत. घोडा आपण पोहोचायच्या आधीच फिरवून दमवलेला आहे का, म्हणून छातीवर, खोगिराखाली घाम चाचपत नाहीत. दमलेला घोडा गरीब गायीसारखा वाटतो आणि चार दिवस विश्रांती मिळाली की त्याला आपले मूळ विचार आठवतात. हलगीच्या तालावर नाचणारा घोडा बघून मामा खूष होतात; त्याला नुसत्या दोरीवर, कडक रस्त्यावर, सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून दाखवा असं म्हणत नाहीत. पुढचा पाय दुखत असला, तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो. नाचणाऱ्या घोड्याची मान वर असणं हे मात्र सौंदर्य. खरं तर आधी मालकाने बसून दाखवावं, मग आपण बसावं. खूर उचलून देतो का, गाडीत चढतो का ते बघावं. न सांगता दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन तो ठाणावर काय करतो ते पाहावं. काही घोडे गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळत बसतात. ही खोड बाजारात दिसत नाही, कारण बाजारात गव्हाणच नसते.

डॉक्टरचं नाव काढलं की मामांचा चेहरा उतरतो. "डॉक्टर कशाला? तो फी घेतो अन् खोट काढतो!" खोट काढण्याचीच ती फी असते, हे त्यांना कोण सांगणार? ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. घोड्याला तो झाल्याचं ठरलं, तर 2009च्या कायद्याखाली त्याला मारावं लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होते. त्या तपासणीचा दाखला मागायला दोन शब्द पुरतात. पण दाखला मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, आणि समोरच्याच्या घरचा चहा मामांनी घेतलेला असतो.

मग रुमाल. मामांचा हात आणि घोडेवाल्याचा हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात, भाव ठरतो. बघणाऱ्याला कळतं ते एवढंच, की दोघांच्याही चेहऱ्यावर पराभव आहे. रुमालाखाली नक्की किती हात होते याची चौकशी करायची रीत नाही. मामा एक रुपया घेत नाहीत, फक्त फेटा आणि नारळ घेतात. कधीकधी फेटे दोन होतात.

सौदा मिटला की गिऱ्हाईक घोड्याच्या गळ्यात पडतं, आणि घोडं पेंड खातं ते इथून पुढे. सुमारे 400 किलोचा घोडा दिवसाला 7-8 किलो वाळलेली वैरण खातो, 25-30 लिटर पाणी पितो, चंदी वेगळी. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवा, आणि जवळचा नालबंद चार तालुके पलीकडे असतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात कळ आली तर मध्यरात्री बॅटरी घेऊन त्याला फिरवत राहायचं आणि डॉक्टरची वाट बघायची. तोच डॉक्टर, जो बाजारात नको होता. हा संसार 25 वर्षंही चालू शकतो. यातलं एक अक्षरही मामांनी सांगितलेलं नसतं. कुणी विचारलेलंही नसतं. विचारलं होतं ते एकच, "मामा, शुभ आहे ना?"

तेव्हा मामांना फसवे म्हणणं अन्यायाचं होईल. पायावर फिरणाऱ्या त्यांच्या हाताला खरं कळतं. तो हात कितीदा तरी जरा थबकतो, शीर पुन्हा चाचपतो, आणि मामा मान वर करून बघतात. समोर गिऱ्हाईक, त्याचे दोन मित्र, भाड्याचा पिकअप. गावात मंडप पडलाय, हलगीवाल्याला बयाणा दिलाय, धाकट्या मुलाने नाव ठरवून ठेवलंय. या सगळ्यांच्या तोंडावर "नको" म्हणणं हीच खरी खबरदारी. आणि तिला ना भोवरे वाचता यावे लागतात ना दात. मामा उठतात, हात झटकतात आणि म्हणतात, "देवमण मात्र झकास आहे."

म्हणून पहिला घोडा घेणाऱ्याने घोड्याआधी मामा पारखून घ्यावेत. भोवरे किती प्रकारचे ते विचारू नये, ते सगळ्यांना पाठ असतात. विचारावं, "मामा, आजवर किती जणांना रिकाम्या पिकअपने परत आणलंत?" मामा छाती पुढे काढून सांगतील, "एकालाही नाही! आपल्या शब्दाला बाजारात मान आहे, भाऊ."