अंदाज फेकताना

मोसंबीच्या सौद्याला आबांनी मला पाठवलं ही त्यांची चूक. मी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालो ही माझी.

बदनापूर तालुक्यात आमची दोन एकर बाग आहे, झाडं दोनशे वीस. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला आबांकडून मिळालेलं मानांकन पुढं येईलच.

आंब्या बहराचा माल झाडावर होता. व्यापारी आखाड्यावर आला. "सर, किती माल निघंल?"

"अप्रॉक्झिमेटली आठ टन," मी बाजेवरूनच सांगितलं.

त्याचा चेहरा कोरा दिसला, म्हणून मी तास घेतला. शब्द मूळ लॅटिन. 'प्रॉक्झिमस' म्हणजे सगळ्यात जवळचा. नेमका आकडा नाही गाठला तरी त्याच्या जवळ जायचं. "बरं बरं," म्हणत तो बागेत शिरला. मी बाजेवरच राहिलो. परतीच्या पावसानं चिखल झाला होता आणि बूट नवे होते.

विद्यार्थी निघून गेला तरी तास थांबेना. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळं दप्तरी फारसी शब्दांना इथं तोटा नाही. 'अंदाज' हा फारसीच, आणि त्याच्या मुळाशी आहे फेकणं. तीर फेकतो तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. 'सुमारे'सुद्धा फारसीच, पण 'सुमार' म्हणजे मोजणी. मोजणीतून आलेला शब्द आपण न मोजता बोलायला वापरतो, या शोधावर मी एकटाच खूश झालो.

तासाभरानं व्यापारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला. "सर, तुमचा शब्द खरा. आठ टन धरू." त्या हिशेबानं मी बाग उक्ती देऊन टाकली.

तोडणी झाली. काट्यावर माल भरला तेरा टन.

"चार कोपऱ्यांतली चार झाडं मोजली होती, सर," व्यापारी आमच्याच घरचा चहा पीत म्हणाला. "फळ न् फळ."

म्हणजे अप्रॉक्झिमेटली जे काही झालं, ते त्यानं केलं होतं. मी नुसता गोलंदाज.

आबा रात्री बोलले. "तलाठी नजरअंदाज पैसेवारी लावायचा, तो बी शिवारात यायचा. तू कुठला नजरअंदाज केलास?"

आमच्या सरकारी मराठीत नजरअंदाज म्हणजे नजरेनं पीक जोखणं. हिंदीत त्याचा अर्थ काणाडोळा. मी कुठला केला, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

यंदा मी बूट काढून बागेत शिरलो. चार झाडं मोजली, वहीत गुणाकार मांडला आणि व्यापाऱ्यासमोर घसा खाकरला, "सुमारे..."

"तू बोलू नको," आबा म्हणाले. "वही हिकडं दे, न् चहा टाक."