उसाशांचा हिशेब

३ ऑक्टोबर २००० रोजी बोस्टनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर आणि जॉर्ज बुश यांची पहिली वादफेरी झाली. बुश यांच्या करकपातीचा मलिदा सर्वांत श्रीमंत एक टक्क्याच्या ताटात पडणार, असं गोर सांगत होते. बुश ही आकडेमोडच गोलमाल ठरवत होते. कोणाचं खरं, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर तपासता आलं असतं. पण बऱ्याच स्तंभलेखकांनी मोजले ते गोर यांचे उसासे. माइकने ते चोख टिपले होते, आणि उसाशाला बेरीज-वजाबाकी लागत नाही. त्याच रात्री गॅलपच्या जनमत चाचणीत प्रेक्षकांनी ४८ विरुद्ध ४१ टक्क्यांनी गोर यांना सरस ठरवलं होतं. उसासे त्यांनीही ऐकलेच होते की! ते असह्य होते, हे त्यांना नंतर कळवण्यात आलं.

राष्ट्राध्यक्षाचा स्वभाव पाहू नये का, असं कुणी विचारेल. जरूर पाहावा. त्याच वादफेरीत टेक्सासच्या वणव्यांबाबत गोर यांनी आपल्या दौऱ्याची चुकीची माहिती दिली, ती पकडणं रास्तच होतं. पण एकाच्या श्वासाची झडती आणि दुसऱ्याच्या अंदाजपत्रकाला माफी, हा कुठला न्याय? फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी बुश निवडून आले आणि जून २००१ मध्ये करकपातीवर त्यांनी सही केली.