वाकड्या चाकांच्या गावाहून

सॅन फ्रान्सिस्को,
रविवार, कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्का हिच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तू पाठविलेले पार्सल काल संध्याकाळी सुखरूप पोहोचले. भाजणीचा वास खोक्याबाहेर आला होता, त्यामुळे ते आणून देणारा इसम दारात काही काळ उगाच रेंगाळला. मेतकुटाच्या डब्याभोवती तू गुंडाळलेला वर्तमानपत्राचा तुकडा मी पाणी शिंपडून, इस्त्री फिरवून, चष्मा पुसून अथपासून इतिपर्यंत वाचला; सौ. म्हणाली, कधी पोथी अशी वाचली नाहीत. वाचता वाचता गणपती घाटाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या आणि क्षणभर काही सुचेना, हे मात्र तिला सांगितले नाही.

आता तुझ्या परवाच्या फोनचा खुलासा. ओंकारचा जो फोटो बापूच्या सुनेने साऱ्या आळीला दाखविला, त्यातील सदऱ्यावर ‘डॉन्स’ असे छापलेले पाहून आपला पोर परदेशात कुठल्याशा टोळीत दाखल झाला, अशी जी वार्ता बापूने पसरविली, ती सर्वस्वी निराधार आहे. डॉन म्हणजे स्पॅनिश भाषेतील रावसाहेब. पाद्र्यांच्या ज्या विद्यापीठात आपला ओंकार शिकतो, तेथील खेळाडूंना हे बिरुद परंपरेने लावतात. दाजींना सांग की या हिशेबाने तेही डॉनच आहेत, कारण उभ्या हयातीत त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतलेला नाही.

दुसरी तुझी भीती बरगड्या मोडण्याची. तर आक्का, त्या सदऱ्यावर ‘फुटबॉल’ या शब्दापुढे 1951 हा आकडाही होता, तो कोणी पाहिला नाही. त्या संघाचा खेळ ओंकारच्या जन्मापूर्वीच काय, श्रीधरच्याही जन्मापूर्वी बंद पडला. तेव्हा पोराच्या बरगड्या शाबूत आहेत. तो बाटण्याची भीती तर मुळीच बाळगू नकोस. हे पाद्री सेंट झेवियर्सवाल्यांच्याच जेसुइट पंथाचे, आणि याच पंथाच्या फादर स्टीफन्सने चारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून मराठीत ओव्या रचल्या. ओंकारला चार ओळी मराठीत लिहिता येत नाहीत, हे पाहता बाटविण्याची खरी गरज उलट दिशेने आहे.

(शिट्टी दुसरी.)

सविस्तर लिहिण्यापूर्वी एक तक्रार नोंदवितो, नाही तर तीच मनात घोळत राहील. हे गाव टेकड्यांवर वसलेले आहे. आपला पसरणीचा घाट कापून त्याचे तुकडे गल्लीगल्लीत उभे केले तर जे होईल, ते हे. येथे असा कायदा आहे की ज्या रस्त्याचा चढ शंभर फुटांत तीन फुटांहून अधिक असेल, तेथे मोटार उभी करताना पुढची चाके वाकडी करून ठेवावीत. तोंड उताराकडे असेल तर पदपथाच्या बाजूस, चढाकडे असेल तर उलट बाजूस, म्हणजे ब्रेक सुटलाच तर गाडी काठाला अडून राहावी. परवा श्रीधर मला गाडीत बसवून औषधे आणावयास गेला. आता ज्याने पस्तीस वर्षे मामलेदार कचेरीच्या दप्तरात एक रूळ तिरपा ठेवू दिला नाही, त्याला वाकडी चाके दिसावीत आणि त्याने स्वस्थ बसावे, हे कसे घडणार? तो परत येताच मी त्याला चांगला फैलावर घेतला आणि चाके समोर सरळ करवूनच, दोघेही कॉफी पिण्यास गेलो. परतलो तो काचेवर दंडाची चिठ्ठी. त्या रकमेत दाजींचा वर्षाचा तपकिरीचा खर्च भागून वर सत्यनारायण झाला असता. श्रीधर एक शब्द बोलला नाही, आणि न बोलण्यात तो थेट आपल्या नानांवर गेला आहे, हे तुला सांगावयास नको. जन्मभर ‘सरळ ठेवा’ असे बजावणाऱ्या माणसाला सरळ ठेवल्याबद्दल दंड व्हावा! अपील करण्याचा माझा विचार घरात कोणी उचलून धरला नाही.

असो. त्या सदऱ्याची कैफियत अशी. हे विद्यापीठ 1855 मध्ये, म्हणजे आपले मुंबई विद्यापीठ निघण्याच्या दोन वर्षे आधी, एका लहानशा शाळेच्या रूपाने सुरू झाले. 1906 च्या भूकंपात आणि आगीत होते-नव्हते ते गेले, आणि पुन्हा उभे राहिले. येथला फुटबॉल आपल्या पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू नारळासारखा लांबट, आणि तो काखेत मारून पळावयाचे. एका बाजूस चार संधी मिळतात, तेवढ्यात दहा यार्ड जमीन काबीज केली तर आणखी चार; अन्यथा चेंडू प्रतिपक्षाकडे. थोडक्यात, हे हुतूतू, कुस्ती आणि भूसंपादन यांचे मिश्रण होय. आणि आक्का, मला खरा जिव्हाळा वाटला तो याचा की वाद पडला म्हणजे मैदानावर मोजणीदार साखळी घेऊन धावत येतात, ताणून धरतात, आणि निवाडा त्याच क्षणी होतो! परसातल्या भिंतीवरून बापूने जी मोजणीची दरखास्त सात वर्षांपूर्वी दिली, तिची मला त्या वेळी तीव्रतेने आठवण झाली. (भिंतीविषयी माझे मत विचारलेस: फणस आपला, सावली त्याची, एवढ्यावर मिटवावे.)

तर 1951 च्या हंगामात या लहानशा विद्यापीठाचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. त्यात ऑली मॅटसन नावाचा एक कृष्णवर्णीय धावपटू होता. त्याने त्या हंगामात चेंडू घेऊन 1,566 यार्ड जमीन तुडविली, आणि त्या वर्षी देशात त्याच्याएवढे कोणी धावले नाही. न्यूयॉर्कास जाऊन फोर्डम या आणखी एका जेसुइट विद्यापीठाला त्यांनी 32 विरुद्ध 26 असे हरविले. म्हणजे पाद्री विरुद्ध पाद्री, आणि प्रार्थना कोणाची ऐकावी या पेचात देव. पुढल्या वर्षी हाच मॅटसन हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटरमध्ये तिसरा आला. हेलसिंकी म्हटले की आपल्याला खाशाबा जाधव तेवढे आठवतात. गोळेश्वरच्या पैलवानाने कांस्यपदक मिळविले त्याच गावी, त्याच स्पर्धेत, या पोरानेही ते मिळविले, हे मी ओंकारला सांगितले तेव्हा प्रथमच त्याने मोबाईल खाली ठेवला. संघात बॉब सेंट क्लेअर म्हणून सहा फूट नऊ इंचांचा एक धटिंगण होता, तो मांस कच्चे खाई. हे दाजींना जेवणाआधी वाचून दाखवू नकोस.

नोव्हेंबरात स्टॉक्टन येथे त्यांनी तेथल्या पॅसिफिक कॉलेजाचा 47 विरुद्ध 14 असा धुव्वा उडविला, तेव्हा आता मायामीच्या ऑरेंज बाऊल सामन्याचे बोलावणे येणार असे सर्वांनी धरले होते. तो मान मोठा, आणि मिळणारा पैसाही मोठा. विद्यापीठाची तिजोरी तर रिकामी होती, कारण शहरात धंदेवाईक संघ आल्यापासून कॉलेजांचा खेळ पाहण्यास लोक येईनासे झाले होते, आणि खाडीपलीकडल्या सेंट मेरीज कॉलेजाने याच पायी आपला संघ वर्षभर आधी मोडला होता. निरोप आला तो असा की, या. मात्र मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन काळ्या खेळाडूंना घरी ठेवून या. दक्षिणेत त्या काळी गोऱ्यांच्या पंक्तीला काळ्यांना घेत नसत. गोऱ्या पोरांनी सांगितले की, ते नाहीत तर आम्हीही नाही. बोलावणे आले नाही. हंगाम संपताच विद्यापीठाने जमाखर्च पाहिला, तूट पाहिली, आणि हा अजिंक्य संघ बंद केला.

हे मला ओंकारने कुठल्याशा भोजनगृहात सांगितले. त्या क्षणी मला जे आठवले ते तुलाही आठवले असेल, म्हणून उगाच आडपडदा ठेवीत नाही. मी अकरावीत होतो. साताऱ्याला हुतूतूचे सामने होते, आणि उतरण्याची व्यवस्था ज्या गृहस्थांकडे होती त्यांनी चिठ्ठी पाठविली की बाकीची मुले अवश्य यावीत, शिवाची पंगतीला अडचण होईल. शिवा आमचा सर्वांत चांगला चढाईवाला. मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखविली आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही कोणी काही बोललो नाही. मीही जमिनीकडे पाहत राहिलो. शिवा आम्हाला स्टँडवर पोहोचवावयास आला होता, माझी वळकटी त्यानेच टपावर चढविली. त्याच्याऐवजी नेलेला मुलगा कोण, ते आता आठवतही नाही. आम्ही जिंकलो. आईने ओवाळले. तो पेला अजून माजघराच्या फडताळात असेल. तू त्यात बटणे ठेवतेस.

त्या गोऱ्या पोरांची वये तेव्हा आमच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी होती, हा हिशेब मी पुन्हा पुन्हा करून पाहतो आणि तो काही जुळत नाही.

(तिसरी शिट्टी होऊन गेली, गॅस कोणी बंद केला ठाऊक नाही. सौ. म्हणते, डोळे का पुसता? मी म्हटले, मेतकूट उडाले.)

पुढली हकीकत थोडक्यात. त्या संघातले नऊ जण धंदेवाईक संघांनी निवडले, आणि मॅटसन, सेंट क्लेअर व जिनो मार्केटी असे तिघे त्या खेळाच्या सन्मानगृहात विराजमान झाले. त्यांच्या बातम्या छापखान्यांना पुरविणारा पीट रोझेल नावाचा तरुण 1960 मध्ये साऱ्या धंदेवाईक फुटबॉलचा सरसुभेदार झाला. कारकुनीतून माणूस कोठवर जातो, हे श्रीधरला मी मुद्दाम ऐकविले. टोलरचा मात्र गुडघा 1952 मध्येच कामातून गेला. मग तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापकही; आणि 1965 मध्ये त्या धंदेवाईक खेळाचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. ज्याला एकेकाळी घरी ठेवा म्हटले, त्याच्याच शिट्टीवर सारे थांबू लागले. 2006 मध्ये विद्यापीठाने त्या म्हाताऱ्या खेळाडूंना सन्माननीय डॉक्टर केले.

आणि आता ऐक, ओंकार राहतो त्या वसतिगृहाचे नाव टोलर हॉल. पूर्वी त्यावर फेलन नावाच्या पुढाऱ्याचे नाव होते, ज्याने 1920 मध्ये ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ अशा घोषणेवर निवडणूक लढविली. आशियातून येणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. म्हणजे त्याच्या मनासारखे झाले असते तर तुझी भाजणी या बंदरावरूनच परत गेली असती. विद्यार्थ्यांनी आग्रह धरला आणि 2017 मध्ये पाटी बदलली. मी त्या पाटीखाली उभा राहून फोटो काढविला आहे. तो बापूच्या सुनेकडे पाठवीत नाही, नाही तर मी वसतिगृहात दाखल झालो असे गावभर होईल.

वसूच्या मुलीचे स्थळ मोडले हे बरेच झाले. ज्या घरात चहा विचारण्यापूर्वी पगार विचारतात, तेथे पोर देऊ नये. कृष्णाबाईच्या उत्सवाला यंदा आम्ही नाही, तेव्हा आमच्या वतीने शिधा दे, आणि पंगतीत दाजींना दुसऱ्यांदा जिलबी वाढू देऊ नकोस.

एक काम आहे. शिवाचे घर पूर्वी सोनगीरवाडीच्या वाटेला होते. तो किंवा त्याची मुले तेथे आहेत का, ते बापूकडून काढवून घे. बापूला कारण सांगू नकोस. आणि पेल्यातली बटणे दुसऱ्या कशात तरी काढून ठेव. पुढे काय करावयाचे ते मी आल्यावर पाहू.

मेतकुटाभोवतीची बातमी पाणीपुरवठ्याच्या सभेत अध्यक्ष उठून उभे राहिले येथवर येऊन फाटली आहे. उरलेला भाग भाजणीभोवती असेल म्हणून पाहिले, तर तेथे वधू-वर सूचक निघाले. पुढल्या खेपेस पापड त्या सभेत बांधून पाठव.

तुझा,
बाळू