खडीकाका

“गेला रे!” खडीकाका जिन्यातच म्हणाले.

आवाज असा होता की मी आधी पायात चपला सरकवल्या आणि मग विचारलं, “कोण? कधी काढणार?”

“कशेळ्याच्या पुढचा. चांगला चार किलोमीटर होता. परवा डांबर पडलं.”

मी चपला काढल्या. काका मात्र दुधाची पिशवी हातात घेऊन तिथेच कठड्याला टेकले. गेल्या जानेवारीत त्या रस्त्यावर काढलेले फोटो त्यांनी मला मोबाइलवर दाखवले, एकेक करून, दिवंगताचे दाखवावेत तसे. प्रत्येकात खडी होती आणि मागे सह्याद्रीचा कडा होता. एका फोटोत बकरी होती.

विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडच्या आसपास असा माणूस आता दर दोन-तीन इमारतींमागे एक सापडतो. वय पन्नास ते साठ. मुलगा किंवा मुलगी परदेशात, घराचं कर्ज फिटलेलं, डॉक्टरने ‘चालत जा’ म्हणून सांगितलेलं. आमच्या काकांनी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जखात्यात 31 वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आधी मॅरेथॉन झाली. मग 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायच्या त्या बीआरएम नावाच्या सायकलस्वाऱ्या झाल्या. तिथे कोणीतरी त्यांच्या कानात ‘ग्रॅव्हल’ हा मंत्र सांगितला आणि माणूस हातचा गेला. सोसायटीतल्या पोरांनी त्याचं सरळ भाषांतर केलं. तेव्हापासून ते खडीकाका.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, हे काका कुणालाही, विशेषतः लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला, समजावून सांगतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. टायर मात्र जाड, 40 मिलिमीटरचा, खडबडीत. आत ट्यूब नाही. त्याऐवजी पांढरा चीक भरलेला असतो. काटा रुतला की चीक बाहेर येतो, सुकतो आणि भोक आपोआप बुजतं. हवा कमी ठेवायची, पस्तीसच्या आसपास. रोज सकाळी काका ती अंगठ्याने दाबून बघतात. पार्ल्याच्या बाजारात लोक हापूस दाबतात तशी. दाबून झाल्यावर चेहऱ्यावर ‘अजून दोन दिवस लागतील’ असाच भाव असतो.

किमतीचा प्रसंग आमच्या इमारतीत दंतकथा झाला आहे. सायकल घरात आली तेव्हा वहिनींनी विचारलं, “कितीला पडली?” काका म्हणाले, “अठ्ठावीस.” वहिनींना वाटलं, हजार. त्यालाही त्या आठवडाभर बोलत नव्हत्या. काका चाकाचे इंच सांगत होते, हे बिल सापडल्यावर कळलं. त्यानंतर किती दिवस बोलणं बंद होतं ते मी इथे लिहिणार नाही. वहिनी हे वाचणार आहेत.

आता मूळ प्रश्न असा की अशी सायकल चालवायला लागते खडी, आणि तीही जातिवंत. सार्वजनिक बांधकामाच्या भाषेत रस्त्याचेही चार आश्रम असतात: मातीकाम, मुरूम, खडीकरण आणि डांबरीकरण. काकांना हवा असतो तिसऱ्या आश्रमात थांबलेला रस्ता. म्हणजे वानप्रस्थातला. खडी पडली आहे, रोलर फिरून गेला आहे आणि कंत्राटदाराचं बिल कुठेतरी टेबलावर अडकलं आहे. कंत्राटदाराचं बिल अडकावं म्हणून मनापासून प्रार्थना करणारा महाराष्ट्रातला हा एकमेव करदाता असावा.

आमच्या गल्लीतला रस्ता सिमेंटसाठी खोदला तेव्हा मी भाबडेपणाने म्हटलं होतं, “काका, तुमची सोय झाली. आता जिन्याखालीच ट्रेल.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हातभट्टीवाल्याने द्राक्षाच्या दारूवर मत दिलं. “ही खडी नव्हे. हा राडारोडा.” मग साठ एमएम, चाळीस एमएम, कच, ग्रिट, मुरूम यांवर उभ्या-उभ्या व्याख्यान झालं. पेव्हर ब्लॉकचा उल्लेख त्यांनी अपशब्दासारखा, आवाज खाली आणून केला. बोरिवलीचं नॅशनल पार्क चालेल का, असंही मी विचारलं होतं. तर तिथला कान्हेरीपर्यंतचा सहा किलोमीटरचा चढ चांगला, झाडी चांगली, शंभरावर लेणी आहेत, बिबटे आहेत, सगळं आहे. पण रस्ता डांबरी. पावसाळ्यात कर्जतकडचे कच्चे रस्ते चिखलाने बंद होतात, तेव्हा काका नाइलाजाने कान्हेरीला जातात. उपासाला वरीचे तांदूळ खावेत तसे. आरे तर त्यांनी कधीच सोडून दिलं.

म्हणून कर्जत. कर्जतच्या पुढे कशेळे, तिथून खांडस आणि आंबिवलीकडचे फाटे. वर भीमाशंकरचा डोंगर आणि कोथळीगडाचं टोक, खाली भात काढलेली शेतं आणि अधूनमधून वाड्या. दुसरं तीर्थक्षेत्र लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी पंधराएक किलोमीटरची वाट. पण खरं संशोधन वाड्यांचं. 25 डिसेंबर 2000 या दिवशी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि काकांच्या मते ग्रॅव्हलचा ऱ्हासकाळही. या योजनेत सपाटीवर निदान 500 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात निदान 250 वस्ती असलेल्या वाड्यांना पक्का रस्ता जोडायचं ठरलं होतं. आकडे 2001च्या जनगणनेचे. काका कर्जखात्यातले. त्यांनी त्या जनगणनेची गाववार यादी मिळवली आणि अडीचशेच्या आतली वस्ती शोधायला बसले. एक दिवस रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. “दोनशे अडतीस! अरे, बारा माणसं कमी पडली त्यांना!” इतका आनंद मुलीच्या व्हिसाच्या वेळीही त्यांना झाला नव्हता. पुढे ‘मुख्यमंत्री’ नावाची आणखी एक योजना आली हे त्यांना उशिरा कळलं. कशेळ्याच्या पुढचा तो चार किलोमीटर याच दोनशे अडतीसांचा.

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. मुलाची जुनी गिअरची सायकल घेतली होती. पहाटे पार्ल्याहून निघून दादरला बदलून कर्जत लोकलच्या लगेज डब्यात शिरलो. मुंबईत सायकलवाल्याचं हे असंच आहे. सी लिंकवर त्याला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी. राहता राहिला लगेज डबा. तिथे भाजी विकून परतणाऱ्या बायका बसल्या होत्या. एकीने काकांच्या सायकलीचं वळलेलं हँडल नीट न्याहाळलं आणि त्याला आपलं रिकामं टोपलं अडकवलं. मग दुसरीने पिशवी. काका काही बोलले नाहीत. फक्त बदलापूरपर्यंत दोन्ही हातांनी हँडल असं धरून उभे राहिले की जणू सगळा भाजीबाजार त्यांच्या तारणावर होता.

कर्जतला उतरून निघालो. पहिल्या तासाभरातच माझं आणि सीटचं बिनसलं. काकांची कापूस भरलेली चड्डी, जी दर सोमवारी आमच्या इमारतीच्या दर्शनी बाजूला वाळत असते आणि जिच्यावर मी आजवर हसत आलो, ती मला त्या दिवशी मानवी प्रतिभेचा कळस वाटली. कशेळ्याच्या पुढे डांबर संपलं आणि काका बदलले. एरवी लिफ्टमध्ये सहा मजले बोलणारा हा माणूस गप्प झाला. चाकाखाली खडीचा करकर आवाज, समोर उन्हात उजळत जाणारा काळा कडा. मला कबूल केलं पाहिजे की दहाएक मिनिटं मलाही कोणी परत बोलवू नये असं वाटलं.

वाडीत एका ठाकर आजींच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबलो. काकांनी त्यांना इटली सांगितली. म्हणजे टस्कनी. तिथे पांढऱ्या मातीखडीचे जुने रस्ते आहेत, ते कच्चेच राहावेत म्हणून 1997 पासून लोक जुन्या सायकली घेऊन त्यांवरून फिरतात, आता तर त्या रस्त्यांवर मोठी शर्यत होते, जगभरातून माणसं येतात, पैसा येतो. अमेरिकेत कॅन्ससला 200 मैलांची शर्यत होते, तीही खडीवरच. 2022 पासून तर खडीचं जागतिक अजिंक्यपदसुद्धा आहे. “तेव्हा आजी, घाई करू नका डांबराची. हे तुमचं वैभव आहे.”

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग लोटा उचलता उचलता म्हणाल्या, “मंग इटलीत पोरीचं दिवस भरलं, का तिथं बी झोळी करून नेत्यात?”

काकांनी पाणी प्यायलं. पुन्हा मागितलं. पार्लेकर माणसाला उत्तर सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

परतताना व्हायचं ते झालं. आपल्याकडची खडी म्हणजे फोडलेला काळा पाषाण, कडा धारदार. मागच्या टायरला बाजूने बोटभर चीर गेली आणि फणस फोडावा तसा पांढरा चीक माझ्या तोंडावर उडाला. असल्या चिरेवर चिकाची मात्रा चालत नाही. पाऊण तास पंप मारून झाल्यावर आम्ही दोन्ही सायकली एका टमटमच्या टपावर बांधल्या आणि आत नऊ माणसांत दहावे-अकरावे म्हणून बसलो. चौथ्या दणक्याला काकांचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. ते कळवळून ड्रायव्हरला म्हणाले, “अहो, काय रस्ता आहे हा! कोणी लक्ष देत नाही का इकडे?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हे मी सोसायटीत कोणाला सांगितलेलं नाही.

पण या माणसावर नुसतं हसून भागत नाही, कारण त्यांच्या माळ्यावर एक फाइल आहे. लाल नाडीची, त्यांच्या वडिलांची. गुहागर तालुक्यातली त्यांची वाडी मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. वडील मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस होते. फाइलमध्ये 21 वर्षांचे अर्ज आहेत, निळ्या कार्बनच्या प्रती, प्रत्येकावर एकच विषय: ‘वाडीच्या रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण करणेबाबत’. रजेचे दिवस खर्चून त्यांनी रत्नागिरीच्या कचेऱ्यांत खेटे घातले. काका सांगतात की एसटी वाडीपर्यंत आली त्या दिवशी वडिलांनी कंडक्टरला पेढे दिले आणि एका स्टॉपचं तिकीट काढून परत उतरले. ही फाइल काकांनी टाकली नाही. माळा साफ करताना दोनदा वहिनींनी ती खाली काढली, दोनदा काकांनी ती पुसून वर ठेवली.

तर कशेळ्याच्या त्या रस्त्याच्या सुतकात काका आठवडाभर होते. मग गावाहून चुलतभावाचा फोन आला, मी समोरच बसलो होतो. “अरे, आपला रस्ता पार उखडलाय. डांबर वाहून गेलं, सगळी खडी वर आलीय.”

काका ताठ झाले. “किती एमएमची?”

शिमग्याला ते गेले, गाडीच्या मागे सायकल बांधून. आठ दिवसांनी परतले ते रापलेले, प्रसन्न आणि दोन किलोंनी कमी. तीन किलोमीटर, मध्ये दोन पऱ्हे, एक चढ असा की छाती फुटावी, आजूबाजूला काजूला मोहर. असा रस्ता टस्कनीतही नसेल म्हणाले. टस्कनीला ते गेलेले नाहीत.

गावाने डांबरीकरणाचा अर्ज करायचं ठरवलं होतं आणि शिकला-सवरलेला म्हणून मसुदा काकांकडे आला. त्यांनी वडिलांच्या फाइलमधल्या एका अर्जाचा फोटो वहिनींकडून मोबाइलवर मागवला आणि शब्दनशब्द तोच मजकूर उतरवला, फक्त साल बदललं. खाली पहिली सही त्यांची आहे. 31 वर्षं लोकांचे पुढच्या तारखेचे चेक परत पाठवणाऱ्या या माणसाने सहीखाली तारीख मात्र घातली आहे 1 जूनची.